करुणा आणि तिचे शिक्षण

रस्त्यावर अपघात होऊन एखादा मनुष्य पडला की चार माणसे धावतात. कुणी हात धरतो, कुणी पाय, आणि त्यास रिक्षात घालतात. हेतू निर्मळ असतो यात शंका नाही. परंतु मानेचे हाड मोडले असेल, तर त्या उचलण्यानेच मज्जारज्जूस इजा होऊन तो जन्माचा पंगू होऊ शकतो. म्हणून आम्हांस प्रश्न पडतो : हेतू शुद्ध असला म्हणजे कर्मही शुद्ध झाले काय?

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात पूर्वी रुग्णास बहुधा पोलिसांच्या गाडीतून नेत. वाटेत उपचार जवळजवळ नसेच. 1967 साली तेथे ‘फ्रीडम हाऊस’ ही रुग्णवाहिका-सेवा स्थापन झाली. डॉ. पीटर साफर यांच्या योजनेप्रमाणे हिल डिस्ट्रिक्ट वस्तीतील कृष्णवर्णीयांना, ज्यांपैकी अनेकांस कोणी कामावर ठेवीत नसे, सुमारे 300 तासांचे शिक्षण मिळाले. श्वासमार्ग मोकळा करणे, रक्तस्राव थांबविणे, हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणे, हे ते शिकले. इस्पितळाच्या दारात सुरू होणारी चिकित्सा त्यांनी रस्त्यावर नेली. 1975 साली ती सेवा बंद झाली; तिचा धडा मात्र दूरवर गेला. आमच्या हैदराबादेत 15 ऑगस्ट 2005 रोजी ‘108’ ही सेवा सुरू झाली, आणि तिच्या गाडीतही शिकलेला साहाय्यक असतो.

मग न शिकलेल्याने स्वस्थ उभे राहावे काय? मुळीच नाही. त्याने 108 ला कळवावे, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, आग वा तत्सम धोका नसेल तर जखमीस हलवू नये, गर्दी दूर सारावी. पोलिसी कटकटीचे भय आता सांगू नये. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने सद्भावनेने साहाय्य करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

आपली मर्यादा ओळखून हात आवरणे हीदेखील दयाच होय. पण तेवढ्यावर समाधान मानणे आम्हांस पटत नाही. ठाऊक नसणे हा दोष नव्हे. शिकणे शक्य असता न शिकणे हा दोष आहे. छातीच्या मध्यावर मिनिटास 100 ते 120 वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाब देण्याची रीत थोड्या तासांत शिकता येते. देवापुढे आपण रोज हात जोडतो. त्या हातांना हे एवढे शिकविणे हीही एक सेवाच आहे, असे आम्ही मानतो. प्रत्येक घरातून निदान एकाने ती पत्करावी.