‘काय झालं?’

मामेभाऊ गेला त्या दिवशी दुपारपर्यंत कडेगावातल्या निम्म्या ओळखीच्या लोकांच्या स्टेटसला त्याचा एकच फोटो होता. कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला, बाजूला कापलेला कुणाचा तरी खांदा. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी पुण्याहून निघालेल्या गाडीत ते एकेक बघत होतो आणि मला तेच दोन शब्द येत होते, ‘काय झालं?’ मी सगळ्यांना ‘अटॅक’ असं लिहिलं. मामांनी फोनवर तसंच सांगायला सांगितलं होतं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं.

दादानं आत्महत्या केली होती.

गावात लोक बसायला येतात. पाच-दहा मिनिटं गप्प बसतात, हात जोडतात, उठतात. पारावर कुजबुज होत नाही असं नाही, भरपूर होते. पण घरात आलेल्या माणसाला वाक्य तयार करावं लागत नाही. फोनवर गप्प बसलेला माणूस दिसतच नाही. तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जन झाल्यावर, एका चुलतभावानं मला बाजूला घेऊन विचारलं, “तू काहीच टाकलं नाहीस?” मला राग आला, आणि लाजही वाटली. मी चार वेळा मजकूर लिहून खोडला होता. प्रत्येक वेळी दादापेक्षा मीच त्यात जास्त दिसत होतो.

१४ जून २०२० ला सुशांतसिंह राजपूत गेला तेव्हा काही तासांत त्याच्या मृतदेहाचे फोटो फिरू लागले. ते पसरवू नका, असा इशारा महाराष्ट्र सायबरला द्यावा लागला. पुढे कित्येक महिने लोक कारण शोधत राहिले. शोधणाऱ्यांना कारण म्हणून कुणीतरी एक माणूसच हवा असतो. मीही तेव्हा रात्री जागून ते सगळं वाचत होतो, हे इथं सांगायला हवं. आता ‘काय झालं?’ विचारणाऱ्यांवर मी कोणत्या तोंडानं चिडू?

प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये वर्तमानपत्रांसाठी नियम स्वीकारले. आत्महत्येची बातमी ठळक छापू नका, पद्धत सांगू नका, जागेचा तपशील देऊ नका, सनसनाटी मथळा नको. कारण एका ओळीत गुंडाळू नका, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. माझा स्टेटस तीनशे माणसं बघतात. एवढा खप असलेली पत्रकं आमच्याकडे निघायची. मग हे नियम मला का नकोत?

पण या नियमांत ‘खोटं बोला’ असं कुठंच नाही. ‘अटॅक’ म्हटल्यानं मामांचं घर झाकलं गेलं, आणि त्याच ग्रुपमध्ये दादासारखाच कुणी रात्री जागा असेल तर त्याला कळलं की या घरात असलं काही बोलायचं नसतं. हे मला जास्त टोचत राहिलं. शेवटी मामांना विचारून, दोन महिन्यांनी, मी लिहिलं : दादा आत्महत्येनं गेला. का, ते आम्हाला माहीत नाही. कुणाला जड जात असेल तर मला फोन करा, किंवा १४४१६ ला करा, टेलिमानसचा आहे, पैसे पडत नाहीत. मामा आधी ‘नको’ म्हणाले होते. मग म्हणाले, “‘माहीत नाही’ हे मात्र ठेव.”

दोघांनी फोन केला. त्यातल्या एकाचं नाव मला कधी सुचलं नसतं.

दादाचा मोबाइल मामीकडे आहे. ‘मामाकडचे’ ग्रुपवर त्याचा शेवटचा मेसेज म्हणजे मोहरमच्या ताबूत भेटीचा व्हिडिओ. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरात नसलं की बंद होतं, आणि माणूस ग्रुपमधून बाहेर पडतो. मामीला हे मी समजावलेलं नाही. फक्त महिन्याला रिचार्ज मारतो, आणि तिला सांगितलंय की फोन चार्ज करत जा, नेट बंद करू नकोस. हेही एक प्रकारचं ‘अटॅक’च आहे, कळतंय मला. या महिन्याचा रिचार्ज कालच केला.