कण आणि खडक

दहा माणसे एकत्र आली की संघ झाला, असे आपण समजतो. पण जमाव निराळा आणि संघ निराळा. संघात येताना माणसाने आपले किती सोडावे, हा प्रश्न घरोघरी आणि प्रत्येक संस्थेत उभा राहतो. त्याचा विचार करावयास बदामीचा तांबडा कडा उपयोगी पडतो.

हा कडा वालुकाश्माचा, म्हणजे वाळूपासून झालेल्या खडकाचा आहे. ही वाळू ५० कोटी वर्षांहून जुनी. त्याआधीचे खडक ऊनपावसाने झिजले, प्रवाहांनी त्यांचे कण वाहून आणले आणि वेग मंदावला तेथे ते थरावर थर बसले. परंतु थर साचला म्हणजे खडक झाला असे नव्हे. नदीकाठची वाळूही साचलेलीच असते. मुठीत घेतली की गळून जाते.

वरच्या थरांचा भार वाढतो तसे कण एकमेकांना टेकतात. पाण्यात विरघळलेली सिलिका किंवा लोहद्रव्य फटींत बसून त्यांना सांधते. बदामीचा तांबडा रंग या लोहाचाच. पण सिलिका सगळीच बाहेरून येत नाही. गारेचे दोन कण दाबाखाली जेथे टेकतात, तेथे ते थोडे विरघळतात आणि तेच द्रव्य जवळच्या पोकळीत जमून सांधा बनते. जेथे एकमेकांचा दाब सोसावा लागतो, तेथलीच झीज जोडण्याच्या कामी येते. कण मात्र नाहीसा होत नाही. असा सांधलेला दगड टिकतो किती? बदामीच्या तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इ. स. ५७८ चा लेख आजही आहे.

मग जितके घट्ट तितके उत्तम काय? तसेही नाही. सर्व फटी बुजल्या की खडक अतिशय कठीण होतो, पण त्यात पाणी शिरत नाही. ज्या वालुकाश्मात थोड्या फटी उरतात, तोच पाणी साठवतो आणि झऱ्याला देतो.

वाचकहो, घरात सुनेनेच विरघळावे, संस्थेत धाकट्यानेच नमावे, असे आपण म्हणतो तेव्हा सांध्याचा भार एकाच कणावर टाकतो. जेथे मतभेद होतो तेथे दोघांनीही थोडे झिजावे, आणि दुसऱ्याला वावरण्यापुरती जागा मोकळी ठेवावी. सगळ्या फटी बुजविणाऱ्याच्या हाती कठीण दगड येईल. तहानलेल्याला मात्र तेथे पाणी मिळणार नाही.