आठ खेळ्यांची मात

रविवारी सकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर आमचा पट मांडला जातो. समोर तळमजल्यावरचे काका. ऑफिसात डबा खाऊन उरलेल्या वेळात ते बुद्धिबळ शिकले. पांढरी त्यांच्याकडे असली की पहिली खेळी ठरलेली : वजिरासमोरचं प्यादं दोन घरं.

गेल्या महिन्यात मी त्यावर राजासमोरचं प्यादं दोन घरं सारलं. फुकटात खायला. याला एंग्लुंड गँबिट म्हणतात. ओपनिंग वाईट आहे, फोनवरचं कुठलंही इंजिन तसंच सांगेल. पण समोरच्याला माहीत नसेल तर काळा वजीर बी-४ वरून शह देतो आणि बी-२ चं प्यादं खातो. त्याला हुसकायला पांढरा उंट सी-३ वर येतो आणि तिथेच सगळं संपतं. आठव्या खेळीला वजीर सी-१ वर, मात.

काका फसले. पुढच्या रविवारीही फसले. मग म्हणाले, "अरे, मी चुकतो कुठे?"

मी म्हणालो, "बघा ना विचार करून."

ते उत्तर मला अजून टोचतंय. नियम मी एकही मोडला नव्हता. पाठांतराचं म्हणाल तर ग्रँडमास्टरही पंधरा-वीस खेळ्या पाठ करून येतात. त्यालाच वैतागून बॉबी फिशरने १९९६ मध्ये मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठ्या टाकल्यासारखी मांडायचा प्रकार जाहीर केला. पण ग्रँडमास्टरची पाठ केलेली खेळी समोरच्याला माहीत असली तरी चांगलीच राहते. माझी खेळी काकांच्या अज्ञानावर जगत होती.

मित्र म्हणतो, हा गनिमी कावा. असेलही. डाव लांबला की काका मला हमखास हरवतात, म्हणजे दुबळा मीच. सापळा लावल्याची मला लाज नाही. पण मात झाल्यावर डाव संपला होता. प्रश्न विचारणारे काका तेव्हा प्रतिस्पर्धी नव्हते, शेजारी होते. मी मात्र पुढच्या रविवारचा विजय राखून ठेवत होतो.

परवा मी मोहरी परत मांडली आणि दाखवलं : सी-३ वर उंट नाही, घोडा आणायचा. काकांनी बराच वेळ पटाकडे पाहिलं. मग पट फिरवून पांढरी मला दिली. मी वजिरासमोरचं प्यादं सरकवलं. त्यांनी राजासमोरचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं.