नाव आणि नावे

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत आपल्या भाषेने एका मात्रेचेच अंतर ठेवले आहे. पहिले बारशाला होते. दुसरे जन्मभर चालते. या एका मात्रेचा विचार मी अलीकडे करू लागलो तो मुलांच्या संगतीने पाहिलेल्या व्यंगपटांमुळे.

वॉल्ट डिस्ने यांचा ‘डम्बो’ १९४१ सालचा. सर्कशीतल्या हत्तिणीने आपल्या पिलाचे नाव ठेवले ‘जम्बो ज्युनियर’. पण त्याचे अवाढव्य कान पाहून इतर हत्तिणींनी त्याला ‘डम्बो’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे जवळजवळ ‘मठ्ठ’च! तेच नाव चिकटले. पुढे पिलाला छळणाऱ्या पोरांवर आई धावून गेली, तर तिला कोंडून गाडीवर ‘माथेफिरू हत्तीण’ अशी पाटी लावली गेली. पाटीचा हा मोठा सोयीचा गुण आहे. ती लावली की, हिच्यावर काय प्रसंग आला होता, हे कोणी विचारीत नाही.

अखेरीस त्याच कानांनी डम्बो उडतो आणि जग टाळ्या वाजवते. मुले आनंदतात, मी मात्र जरा घुटमळतो. कान उपयोगी पडले म्हणून जगाने ते पत्करले. ते उडण्याच्या कामाचे नसते तर? जगातले बहुतेक कान उडत नाहीत, वाचकहो! म्हणून मला उड्डाणापेक्षा त्याआधीचा प्रसंग मोठा वाटतो. कोंडलेली आई गजांतून सोंड बाहेर काढते आणि पिलाला तिच्यावर झुलवते. त्या घटकेला कानांची किंमत शून्य होती आणि पिलाची पुरेपूर.

२०१२ सालच्या ‘रेक-इट राल्फ’मध्ये हाच प्रश्न अधिक धीटपणे येतो. राल्फ हा एका व्हिडिओ-खेळातला खलनायक. तीस वर्षे एक इमारत फोडतो आहे. आपल्यालाही कोणी चांगले म्हणावे म्हणून तो दुसऱ्या खेळात शिरून पदक मिळवतो. पण पदक म्हणजे तरी काय? जुन्या पाटीवर ठोकलेली नवी पाटीच. शेवटी तो परत येऊन आपले काम पूर्वीसारखेच करतो, आणि खेळाच्या नियमाप्रमाणे रहिवासी त्याला गच्चीवरून फेकतातही. मात्र फेकण्यापूर्वी ते त्याला वर उचलतात, तेव्हा दूरच्या खेळात गाडी पळवणारी आपली छोटी मैत्रीण त्याला दिसते. तेवढ्याने त्याचे मन भरते.

स्वतःचा स्वीकार तो हा, असे मला वाटते. ‘मी असाच’ म्हणून हात झटकणे निराळे, आणि आपले काम व आपण यांतला फरक ओळखून सुखाने नांदणे निराळे.

पण मुलाला हे एकट्याने साधत नाही. आधी कोणाची तरी सोंड गजांबाहेर यावी लागते. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरते. फराळाच्या ताटाभोवती कोणीतरी सहज म्हणते, “धाकटा हुशार हो, थोरला जरा ढ!” एक अक्षर पुरते. थोरला चकली मोडत खाली मान घालून बसतो. त्या वेळी कोणी त्याचे गुण मोजून दाखवावेत, तो चित्रे किती छान काढतो हे सांगावे, याचीही गरज नसते. त्याला त्याच्या नावाने हाक मारावी, आणि जवळ बसवून घ्यावे.