शेतातला खजिना आणि डब्यातले तिकीट



आज सामान्य काळातील सतरावा रविवार. आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १३:४४-५२) प्रभू येशू तीन दाखले सांगतो. एकाला शेतात पुरलेला खजिना सापडतो, दुसऱ्याला मोलाचे मोती मिळते, आणि तिसऱ्या दाखल्यात कोळी जाळ्यातली मासळी निवडायला बसतात. घेणे, विकणे आणि निवडणे या तीन गोष्टी आपल्या वणीच्या बाजारात रोज चालतात. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडे बोलू या. त्यासाठी आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगावी लागेल. ज्या आजींचा तीत उल्लेख आहे, त्यांना विचारूनच ती सांगत आहोत.

लहानपणी आम्हाला टपाल तिकिटे जमवण्याचा नाद होता. आपल्या जिल्ह्यात तो लागायला कारणही होते. सुमारे सत्तर वर्षे भारताची तिकिटे लंडनमध्ये छापली जात. १९२६ पासून ती आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. पाकिटावरचे तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचे, वर्तमानपत्रावर वाळवायचे आणि वहीत लावायचे, हा आमचा सुट्टीतला उद्योग. १९६४ साली आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी पोप पॉल सहावे मुंबईत आले, तेव्हा संत थॉमसचे पंधरा पैशांचे तिकीट निघाले होते. ते मिळवण्यासाठी आम्ही मित्राला आमची सहा तिकिटे दिली होती. पुढे सेमिनरीत गेलो आणि वही घरीच राहिली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बहिणीने ती वही आणून दिली, आणि विझलेला नाद पुन्हा पेटला. पण आता त्याचे रूप वेगळे होते. लहानपणी चित्र आवडले की तिकीट चांगले. आता हातात भिंग आले. मागचा गोंद शाबूत आहे का? कडेचे सगळे दाते आहेत का? चित्र बरोबर मध्यभागी छापले गेले आहे का? पूर्वी वहीत लावताना चिकटवलेल्या कागदाचा डाग राहिला आहे का? या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून एकाच तिकिटाच्या दोन प्रतींच्या किमतीत कितीतरी पटींचा फरक पडतो. याला प्रत ठरवणे म्हणतात.

शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील एका आजींच्या घरी गेलो होतो. निघताना त्या म्हणाल्या, “फादर, तुम्हाला तिकिटांचा नाद आहे ना? आमचे सासरे टपालात होते, त्यांचा हा डबा. घेऊन जा. दोनशे रुपये द्या, नातवाच्या वह्या होतील.” आम्ही दोनशे रुपये दिले आणि डबा घेऊन आलो.

रात्री डबा उघडला. बरीचशी तिकिटे साधीच होती. तळाशी एका घडी घातलेल्या कागदात गांधीजींचे दहा रुपयांचे तिकीट होते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटे निघाली. ती स्वित्झर्लंडमध्ये छापलेली होती आणि त्यांवर हिंदी व उर्दूत ‘बापू’ असे लिहिलेले आहे. त्या काळी दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती, त्यामुळे हे मोठे तिकीट थोड्यांनीच घेतले. सरकारी वापरासाठी यावर ‘सर्व्हिस’ ही अक्षरे छापलेल्या अगदी मोजक्या प्रती निघाल्या होत्या. त्यांतील चार तिकिटांची पट्टी २०१७ साली लंडनच्या एका विक्रेत्याने पाच लाख पौंडांना विकली. आजींच्या तिकिटावर ती अक्षरे नाहीत, पण साधे तिकीटही खरे आणि चांगल्या प्रतीचे असेल तर हजारो रुपयांना जाते.

आता प्रश्न आला. आम्ही चार दिवस गप्प राहिलो, आणि त्या चार दिवसांत मनाने तीन कारणे शोधून काढली. पहिले, किंमत आजींनीच सांगितली, आम्ही घासाघीस केली नाही, खोटे बोललो नाही. दुसरे, या तिकिटाच्या बनावट प्रती पुष्कळ आहेत, हेही तसेच असेल. तिसरे, आम्ही ते विकणार नाही, प्रेमाने जपणार आहोत, मग त्यात नफा कुठला? तिन्ही कारणे ऐकायला बरी वाटतात. पण पापनिवेदनाला आलेल्या कोणी ती आम्हाला सांगितली असती, तर आम्ही त्यांना मान डोलावली नसती.

सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान अशा वेळी पाठ सोडत नाही. संत ऑगस्टीन आपल्या ‘त्रैक्य’ या ग्रंथात ओळखीच्या एका माणसाविषयी लिहितात. त्याच्याकडे एक ग्रंथ विकायला आला. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते आणि त्याने अगदी थोडे पैसे मागितले. घेणाऱ्याने त्याला कल्पनाही नसताना ग्रंथाची खरी, कितीतरी मोठी किंमत दिली. स्वस्तात घ्यावे आणि महाग विकावे असे सगळ्यांनाच वाटते, हे म्हणणे खोडून काढायला ऑगस्टीनना हा एक माणूस पुरला.

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’मध्ये खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक पूर्ण प्रश्न लिहिला आहे. धान्य घेऊन पुढे पोहोचलेल्या व्यापाऱ्याला मागून आणखी व्यापारी येत आहेत हे ठाऊक असेल, तर ते सांगितलेच पाहिजे असे न्याय म्हणत नाही. मात्र सांगितले तर तो सद्गुण मोठा, असे ते म्हणतात. कुटुंब पोसण्यासाठी व्यापाऱ्याने बेताचा नफा घेण्यालाही त्यांची हरकत नाही. पण विकणारा सोने पितळ समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर ती खरेदी अन्यायाची आहे आणि भरपाई करणे घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. आम्हाला डबा घेताना काही ठाऊक नव्हते, हे खरे. पण कळल्यावर गप्प राहण्याचा प्रत्येक दिवस आमचा स्वतःचा होता. उद्याचा भाव ओळखणे वेगळे आणि समोरच्याच्या हातात आज काय आहे हे त्याच्यापासून लपवणे वेगळे.

प्रत ठरवण्याच्या बाबतीतही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची जुनी चित्रपत्रे अशीच जमवली जातात. तेथे व्यावसायिक संस्था एक ते दहा गुण देऊन प्रत ठरवतात. होनस वॅग्नर या खेळाडूचे, १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून निघालेले एक पत्र आठ गुण मिळवून जगप्रसिद्ध झाले आणि २००७ साली अठ्ठावीस लाख डॉलरना विकले गेले. पुढे २०१३ साली ते पूर्वी विकणाऱ्या व्यापाऱ्याने न्यायालयीन खटल्यात कबूल केले की, कडा सुबक दिसाव्यात म्हणून आपणच ते कापले होते. इतकी वर्षे गुणांचा आकडा आठच होता, आणि कात्री कोणी चालवली हे एका माणसाच्या मनाला ठाऊक होते. बाहेरची प्रत दुसरे ठरवतात. आतली प्रत ज्याची त्याला माहीत असते.

पाचव्या दिवशी आम्ही तिकीट घेऊन आजींकडे गेलो आणि सगळे सांगितले, चार दिवसांचा उशीरही सांगितला. आजींनी चष्मा लावून गांधीजींना पाहिले. मग विचारले, “मग आता मी काय करू, फादर?” हा प्रश्न आमच्या ध्यानात आला नव्हता. ज्याला ज्ञान आहे त्याने नुसते सांगून मोकळे व्हायचे नसते, पुढची वाट दाखवणेही त्याच्याकडे येते. तिकीट जाणकाराकडून तपासून घ्यायचे ठरले. ते ठेवायचे की विकायचे, हे आजी आणि त्यांची मुले ठरवतील. दोनशे रुपये राहू द्या म्हटले, तर आजी म्हणाल्या, “वह्या आणल्या मी त्याच्या. बाकीची तिकिटे न्या. फुकटचं मला नको.”

तपासणीचा निकाल अजून आलेला नाही. तिकीट बनावट निघाले तर आजींची निराशा होईल, याचे आम्हाला वाईट वाटेल. पण सांगितले ते चुकले असे तेव्हाही म्हणता येणार नाही. खरे सांगण्याचे कर्तव्य तिकिटाच्या किमतीवर अवलंबून नसते.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “फादर, दाखल्यातल्या माणसाने तरी शेताच्या मालकाला कुठे सांगितले?” प्रश्न रास्त आहे. येशू येथे जमिनीच्या व्यवहाराचा धडा देत नाही. तो त्या माणसाचा आनंद दाखवतो. त्या आनंदात त्याने होते नव्हते ते सगळे विकले. आम्हाला मात्र खजिना दोनशे रुपयांत हवा होता. शिवाय तिकीट आमच्याकडे राहिले तर ते आजींकडे नसते. देवाचे राज्य तसे नाही. एकाने ते घेतल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही, म्हणून ते लपवून ठेवावे लागत नाही.

या दिवसांत चाळीतला कांदा बाजारात येतो. गोणीत वर मोठा आणि खाली गोल्टी असे आपण करतो का? चांगला माल पाहूनही “हलका आहे” म्हणत भाव पाडतो का? नीतिसूत्रांच्या पुस्तकातला गिऱ्हाईकही असेच नाक मुरडतो आणि घरी जाऊन फुशारकी मारतो. रस्त्याच्या कडेला पावसात करटुली घेऊन बसलेल्या बाईशी आपण पाच रुपयांसाठी किती वेळ हुज्जत घालतो? रस्ता येणार हे ठाऊक असताना शेजाऱ्याची जमीन कोणत्या भावाने मागतो? घेताना आणि देताना आपली मापे एकच आहेत का, हे या आठवड्यात प्रत्येकाने पाहावे.

आजच्या पहिल्या वाचनात देव शलमोनाला हवे ते मागायला सांगतो. तो संपत्ती मागत नाही, बरे आणि वाईट ओळखणारे अंतःकरण मागतो. शेवटच्या दिवशी जाळे किनाऱ्याला ओढले जाईल आणि देवदूत निवडायला बसतील. तोवर निवडण्याचे काम आपल्याच अंतःकरणाला करायचे आहे. ते अंतःकरण प्रभू आपणा सर्वांना देवो.

तुमचे धर्मगुरू