दोरी का तुटते?

मनुष्याचा न्याय बहुधा डोळ्यांवर अवलंबून असतो. जे तुटलेले दिसते त्याच्यावर दोष ठेवून आपण मोकळे होतो. तोडणारे मात्र पुष्कळदा धड, चकचकीत आणि जागच्या जागी असते. गळाच्या काठीसारख्या साध्या वस्तूतही हे पाहावयास मिळते.

रीळ असलेल्या काठीवर बुडापासून शेंड्यापर्यंत कड्यांची ओळ असते. तंगुसाची दोरी त्यांतून धावते आणि मासा ओढ घेतो तेव्हा तो ताण या कड्या काठीच्या सर्वांगाला वाटून देतात. कडीची चौकट धातूची, पण आतले वळे बहुधा सिरॅमिकचे असते. कठीण आणि गुळगुळीत, परंतु खडकावर आपटले की तडकणारे. तडा केसाहूनही बारीक असू शकतो. दोरी मात्र प्रत्येक फेकीला त्यावर घासते आणि एके दिवशी ऐन ओढीला तुटते. ‘दोरी कच्ची निघाली’ असे म्हणून आपण नवी भरतो. काही दिवसांनी तीही तुटते.

जाणता मनुष्य अशा वेळी कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवतो. जेथे तंतू अडकतो तेथे तडा असतो.

आपल्या घरांत हा बोळा कितीदा फिरतो? मुलगा व्यसनाकडे वळला, मुलीने घराशी बोलणे सोडले, की ‘मुळातच कच्चे’ हा निकाल तयार असतो. मनुष्य म्हणजे दोरी नव्हे, हे खरे. त्याला इच्छा आहे, निवड आहे. म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. परंतु एकाच घरात, एकाच वर्गात, एकाच समाजात एकामागून एक दोऱ्या तुटू लागल्या, तर प्रश्न दोरीला विचारून भागणार नाही.

दोष सापडला तरी दोन मोह उरतात. पहिला, तड्यावर लुकण फासण्याचा. वाकलेली चौकट हलक्या हाताने सरळ करता येते. तडकलेले वळे मात्र सांधून चालत नाही. दोरी लुकण झिजवते आणि धार पुन्हा उघडी पडते. दुसरा मोह, सगळी काठीच फेकून देण्याचा. वास्तविक बदलायची असते ती एक कडी. टोचून बोलण्याची सवय, सतत दुसऱ्याच्या मुलाशी तुलना, जेवणाच्या पानावरचा अबोला: या आपल्या कड्या. त्या काढण्यासाठी बाप टाकावा लागत नाही, घरही मोडावे लागत नाही.

काढण्याचीही रीत आहे. कडीचा पाय दोऱ्याने काठीला आवळलेला असतो. पाते त्या धातूच्या पायावरच चालवावे. काठीवर ओरखडा उठला तर पुढे ती तेथेच मोडते. नव्या कडीवर दोऱ्याचे वेढे एकास एक चिकटून घ्यावेत. त्याचे टोक गाठ न मारता वेढ्यांखालूनच ओढून घेतात. मग बुडाकडून डोळा लावून सर्व कड्या एका रेषेत आहेत ना, हे पाहावे. शेवटी इपॉक्सीचा लेप, आणि तो घट्ट होईपर्यंत काठी आडवी धरून सावकाश फिरवीत राहावे. नाहीतर लेप एका बाजूला ओघळतो. घाई येथे कामाची नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात याकोब व योहान तारवात जाळी नीट करीत असता येशूने त्यांना बोलावले. तेथे जे ग्रीक क्रियापद आहे, तेच संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात वापरतो. चुकलेल्या बांधवाला सौम्यतेने पुन्हा नीट करा, असे तो सांगतो आणि लगेच स्वतःकडे लक्ष ठेवण्याची ताकीदही देतो. जाळे सांधणे आणि माणूस सांधणे यांसाठी एकच शब्द असावा, हे मोठे अर्थपूर्ण आहे.

कोणी तुटले की निकाल देण्यापूर्वी आपण एवढे तरी करावे: ते ज्या ज्या कडीतून गेले, तीतून कापसाचा बोळा फिरवावा. आणि पहिली कडी आपलीच घ्यावी.