जुनी गाडी, नवी ठिणगी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी वसईतील एका घरी आम्ही सहज म्हणून गेलो असता आमच्यापुढे एक आगळाच खटला मांडण्यात आला. वादी आई, प्रतिवादी तिचा मुलगा आणि वादाचा विषय ओटीवर उभी असलेली जावा मोटारसायकल. निवाडा आम्ही करावा, असे दोघांचेही म्हणणे पडले.

गाडी १९६८ सालची. घरच्या कर्त्या पुरुषाने ती उमेदीच्या वयात घेतली आणि पहाटेच्या अंधारात तिच्यावर भाजीचे व केळीच्या पानांचे भारे लादून वर्षानुवर्षे स्टेशन गाठले. ते गेल्यावर गाडी मुलाकडे आली. मुलानेही ती शोभेसाठी ठेवली नाही. आठवड्यातून तीनचार वेळा तरी तो ती बाहेर काढतो. अशाच एका पावसाळी रात्री घरी परतताना रस्त्यातील खड्ड्यांमुळे त्याने वेग कमी केला आणि पुढचा दिवा काजव्यासारखा मंदावला. मोरीपाशी छत्री घेऊन चाललेला एक म्हातारा त्याला अगदी जवळ गेल्यावर दिसला. हातभर अंतराने अनर्थ टळला. त्या रात्री मुलाला झोप आली नाही. सकाळी उठून त्याने ठरवले की, गाडीची ठिणगीची आणि वीज भरण्याची जुनी व्यवस्था काढून नवी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था बसवायची.

आई म्हणाली, "फादर, ह्यांनी दर रविवारी हे झाकण उघडून आपल्या हाताने साफ केलं. तेच काढून टाकलं तर ह्यांची गाडी ती कुठं राहिली?"

मुलगा म्हणाला, "आई, पप्पा असते तर त्यांनीही बदललं असतं. उद्या कुणाच्या अंगावर गाडी गेली, तर काय सांगू?"

आम्ही त्या दिवशी निवाडा दिला नाही. गाडी आधी समजून घ्यावी, असे आम्हांला वाटले. तो विचार वाचकांपुढे ठेवण्याचे कारण एवढेच की, असा एखादा खटला बहुतेक घरांत कधी ना कधी उभा राहतो. कुठे वडिलोपार्जित घर असते, कुठे आजीचे दागिने, तर कुठे नुसती एखादी रीत.

जावा मूळची प्रागची. १९२९ साली तिथे हा कारखाना सुरू झाला. संस्थापक यानेचेक यांच्या नावातील 'जा' आणि ज्या वांडरर कंपनीच्या मोटारसायकलीवरून आरंभ झाला तिच्यातील 'वा' मिळून हे नाव बनले. आपल्या देशात १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात या गाड्या होऊ लागल्या. पुढे त्याच कारखान्यातून येझदी निघाली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. अडीचशे सी.सी.च्या त्या गाडीला सिलिंडर एकच, पण धुराची नळकांडी दोन. आणि किक मारण्याचा दांडा तोच वळवून गिअर बदलण्याचा. ज्यांनी ती चालवली, त्यांना हे वाचतानाही तिचा आवाज ऐकू येईल.

इंजिनाच्या उजव्या झाकणाखाली तिची विजेची सारी गृहस्थी. तिथे फिरणारा छोटा डायनमो सहा व्होल्टची बॅटरी भरतो. बॅटरीतील वीज कॉइलमध्ये जाते. पॉइंट नावाचे धातूचे दोन इवलेसे ओठ ती वाट क्षणात तोडतात, आणि त्या तुटण्यामुळेच कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका उत्पन्न होऊन प्लगवर ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला ५० वेळा घडते. पॉइंटमधील फट सुमारे ०.४ मिलिमीटर असावी लागते. ती वाढली वा घटली की ठिणगीची वेळ चुकते. दर उघडझापीत धातू थोडा जळतो, खारट दमट हवेत त्यावर गंज चढतो. म्हणून पॉलिशपेपरने तो घासायचा आणि फट पुन्हा मोजायची. रविवारचा तो विधी हा असा होता.

या रचनेत एक मूळचा दुबळेपणा आहे. इंजिन मंद फिरत असताना डायनमो पुरेशी वीज देत नाही. दिवा, हॉर्न आणि ठिणगी ही तिन्ही मग एकट्या बॅटरीच्या जिवावर जगतात. बॅटरी दमली की दिवा विझू लागतो आणि ठिणगीही अशक्त होते. शिवाय सहा व्होल्टवर तेवढ्याच उजेडासाठी बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे तीच तार असेल, तर नुकसान चौपट. पन्नास वर्षांच्या जुन्या तारा आणि गंजलेले जोड यांतून दिव्यापर्यंत काय पोहोचत असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

नव्या व्यवस्थेत डायनमोच्या जागी फिरते लोहचुंबक आणि भोवती स्थिर कॉइली येतात. घासणारे कार्बन ब्रश नाहीत, झिजणारे पॉइंट नाहीत. ठिणगीचा क्षण इलेक्ट्रॉनिक खूण ठरवते आणि ठिणगीची वीज बॅटरीवर अवलंबून राहत नाही. प्रागचीच वापे कंपनी जुन्या जावांसाठी असे संच बनवते. संच बसवला की दिवे, हॉर्न, बॅटरी सारेच बारा व्होल्टचे घ्यावे लागते. एक बदल दुसऱ्याला हात धरून आणतो, हे बदल करणाऱ्याने आधीच ओळखलेले बरे.

आता आईचा प्रश्न. इतके बदलल्यावर गाडी 'तीच' राहते का?

हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक ग्रंथकार प्लुटार्क याने थिसियसच्या जहाजाची हकीकत सांगितली आहे. अथेन्सवासी ते जहाज जपत असत आणि फळी कुजली की तिथे नवी बसवीत. होता होता हे जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञांत वाद जुंपला. सतराव्या शतकात हॉब्जने त्या वादाला आणखी एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचेच जहाज पुन्हा बांधले, तर खरे कोणते? आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तर उदाहरण वाहनाचेच आहे. रथातून आलेल्या मिलिंद राजाला नागसेन विचारतो की, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. एकेका भागात रथ सापडत नाही. सर्व भाग जुळून आल्यावर आपण त्याला रथ हे नाव देतो.

सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटल शिकवला गेला, त्याची इथे मदत होते. वस्तू कशाची बनली हे एक, आणि ती कशासाठी आहे हे दुसरे. पॉइंट कशासाठी? योग्य क्षणी ठिणगी पडावी म्हणून. दिवा कशासाठी? वाट दिसावी म्हणून, आणि वाटेवरचा माणूसही दिसावा म्हणून. जो दिवा मोरीपाशी चाललेला म्हातारा दाखवू शकत नाही, तो मूळचा असला तरी दिव्याचे काम करीत नाही. मुलाच्या बाजूने सर्वांत जड पारडे हेच आहे. आपल्या आठवणीची किंमत रस्त्यावरच्या परक्याने द्यावी, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

परंतु एवढ्यावर आई हरली असे नव्हे. कामापुरतेच पाहायचे, तर जुनी गाडी विकून नवी घेणे सर्वांत सोपे. मुलाला ते का नको? कारण त्यालाही वडिलांची गाडीच हवी आहे. म्हणजे आई जे जपू पाहते, तेच तोही जपतो आहे. दोघांचा वाद जपावे की नाही याविषयी नव्हताच. कसे जपावे याविषयी होता.

कायद्याने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांची व्याख्या आली. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले वाहन त्या नोंदणीस पात्र ठरते. मात्र अशी नोंद झालेले वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. सरकारने जणू विचारले आहे की, तुम्हांला ही वस्तू जपायची आहे, की तिच्यावर बसून जायचे आहे? दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. जी गाडी फक्त पाहायची, तिचा सहा व्होल्टचा डायनमो खुशाल तसाच राहावा. जी रात्री पावसात रस्त्यावर येणार, तिच्यावर वेगळे कर्तव्य येते.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली ट्युरिन सनद स्वीकारली. सुरक्षिततेसाठी काही बदलावेच लागले, तर ते कमीत कमी असावे, परत फिरवता येण्याजोगे असावे आणि काढलेले मूळ भाग वाहनासोबतच जपावेत, असे ती सांगते. जुन्या वास्तूंविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही असाच विचार आहे: नवा भाग जुन्याशी जुळावा, पण जुना म्हणून खपू नये. हॉब्जच्या प्रश्नाला हे एक व्यवहारी उत्तर आहे. जुन्या फळ्या फेकू नका, आणि नव्या फळ्यांविषयी खोटे बोलू नका.

या विचाराला शेवटचा पैलू पाडला तो गावातील वृद्ध मेस्त्रीने. मुलगा त्याच्याकडे गेला, तेव्हा आम्हीही सोबत होतो. मेस्त्रीने नव्या संचातील घट्ट बंद केलेली डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "चांगली आहे," तो म्हणाला, "पण बिघडली तर मला उघडता येणार नाही. जुनी मी रस्त्यात, आगपेटीच्या बाजूवर पॉइंट घासून चालू करून दिलीय. ही बंद पडली की ढकलत न्यायची आणि नवी आणायची." मग मुलाकडे पाहून म्हणाला, "मी बसवून देतो. पण आधी जुनं लावायला शीक. पॉइंटची फट तू स्वतः मोजून गाडी चालू करून दाखव. मग काढू."

मेस्त्रीची ही अट आम्हांला मोलाची वाटली. जे आपल्याला समजलेले नाही, ते काढून टाकण्याचा अधिकार आपल्याला नसतो. कित्येकदा आपण जुने निरुपयोगी म्हणून बदलतो आणि खरे कारण एवढेच असते की, ते कसे चालवायचे हे शिकण्याचा आपल्याला कंटाळा असतो. उलट, जुने हाताळता येत असूनही ज्याला बदलाची गरज दिसते, त्याच्या बदलावर विश्वास ठेवता येतो. मेस्त्रीने नव्याची उणीवही झाकली नाही. प्रत्येक सुधारणेत आपण काही मिळवतो आणि काही गमावतो. काय गमावले याची नोंद ठेवणे हा प्रामाणिकपणाचाच भाग आहे.

तेव्हा आम्ही आमचा निवाडा दिला, तो असा. बदल करावा, कारण परक्याचा जीव त्यात गुंतला आहे. मुलाने आधी जुने शिकावे. इंजिनाला, चासीला वा झाकणांना कुठेही कापू नये, नवे भोक पाडू नये. जे उद्या जसेच्या तसे मागे घेता येईल, तेवढेच करावे. काढलेला प्रत्येक भाग जपावा. आणि काय बदलले ते गाडीच्या कागदांत लिहून ठेवावे. पुढे कधी ती विकण्याची पाळी आली, तर घेणाऱ्याला ते न विचारता सांगावे. बदललेली गाडी 'सगळी ओरिजिनल' म्हणून विकणे म्हणजे घेणाऱ्याला फसवणे, आणि वडिलांच्या नावावर खोटे सांगणेही.

मुलाला तीन रविवार लागले. पहिल्या दोन रविवारी गाडी फुरफुरून बंद पडली. तिसऱ्या रविवारी चालू झाली, तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली होती. पुढच्या आठवड्यात नवा संच बसला. डायनमो, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल तेलाच्या कागदात गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवण्यात आले. वडिलांचा लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर आणि फट मोजण्याची पट्टीही त्यातच गेली. डब्यावर चिठ्ठी आईने लिहिली: गाडीचा नंबर, काढल्याची तारीख आणि काढणाऱ्याचे नाव.

परवा संध्याकाळी आम्ही त्या वाटेने चाललो असताना ती गाडी समोरून आली. दिवा लख्ख होता. मोरीजवळ मुलाने वेग कमी केला, तरी तो मंदावला नाही. मागे आई बसली होती. आम्ही बाजूला उभे राहिलो, तसा मुलाने हॉर्न वाजवला. "फादर, तुम्ही लांबूनच दिसलात," आई म्हणाली. मग जरा थांबून तिने एवढेच जोडले, "रविवारी मात्र झाकण उघडत नाही आता. हात रिकामे वाटतात ह्याचे."

ते खरेच होते. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि तिनेही मागितले नाही. आम्ही मुलाला एवढेच सुचवले की, वर्षातून एकदा तरी तो डबा उघडावा, भाग पुसून तेल लावावे, आणि त्या वेळी आपल्या धाकट्या मुलीला शेजारी बसवावे.